घरातला वन्स मोअर: रॉक-मेटल कॉन्सर्ट फिल्मचा इतिहास

आजचा विषय काहींना हलकाफुलका वाटेल. घरात सोफ्यावर बसून रॉक आणि मेटल बँडच्या लाइव्ह कॉन्सर्टच्या फिल्म बघणं, यात इतिहास तो काय? पण एका प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस नक्की असेल, जो म्हणतो, "आयर्न मेडनची ती लाँग बीचची कॉन्सर्ट मी पाहिलीय." आता हा माणूस १९८५ साली कॅलिफोर्नियात नव्हता. तो डोंबिवलीत होता, किंवा नाशकात, किंवा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्याने पाहिली ती व्हिडिओ कॅसेट. मग त्याने कॉन्सर्ट 'पाहिली' असं म्हणायचं का?

साधारणपणे आपण म्हणतो, छे, खरी मजा मैदानात. घरी बघणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. मी आज याच्या उलट बाजूने थोडं बोलणार आहे. घरी बघणाऱ्याला एक गोष्ट मिळाली जी मैदानातल्या कुणालाच मिळाली नव्हती: थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघायची सोय. त्या सोयीने आपण रॉक संगीताकडे कसं बघतो ते बदललं. आणि त्यातून एक जबाबदारीही आली. तिच्याकडे शेवटी येऊ.

सुरुवात १९६७ पासून करू. जून महिन्यात कॅलिफोर्नियात माँटेरे इथे तीन दिवसांचा पॉप महोत्सव झाला. डी. ए. पेनबेकर या दिग्दर्शकाने तो चित्रित केला. गंमत अशी, की ही फिल्म मुळात टीव्हीसाठी ठरली होती, म्हणजे थेट लोकांच्या दिवाणखान्यासाठी. पण जिमी हेंड्रिक्स स्टेजवर गिटारला आग लावतो वगैरे प्रकार टीव्हीवाल्यांना झेपला नाही. मग ती फिल्म थिएटरात गेली. म्हणजे घर हे या फिल्मचं पहिलं ठिकाण ठरलं होतं, पण दार बंद झालं. ते उघडायला पुढची पंधराएक वर्षं गेली.

आणि माँटेरेची फिल्म संपते कशावर? रविशंकरांच्या सतारीवर आणि अल्लारखांच्या तबल्यावर. तब्बल सतरा-अठरा मिनिटं. रॉकच्या पहिल्या मोठ्या कॉन्सर्ट-फिल्मचा कळस म्हणजे सतार-तबल्याची जुगलबंदी, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉक झालं. चार लाखांच्या आसपास माणसं, पाऊस, चिखल. मायकेल वॉडलीचा चित्रपट १९७० साली आला, तीन तासांहून मोठा, आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. संकलन करणाऱ्यांत थेल्मा स्कूनमेकर होत्या, तरुण मार्टिन स्कॉर्सेसीही होते. पडद्याचे दोन-तीन तुकडे करून एकाच वेळी गायक, गर्दी आणि चिखल दाखवायची त्यांची पद्धत आजही ताजी वाटते.

पण इथे जरा थांबा. आज आपल्या डोक्यात जे 'वुडस्टॉक' आहे, ते त्या महोत्सवाचं आहे की त्या चित्रपटाचं? क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा त्या काळातला अमेरिकेतला फार मोठा बँड. तो वुडस्टॉकला वाजवून गेला. पण आपला कार्यक्रम चांगला झाला नाही असं जॉन फोगर्टीला वाटलं, आणि चित्रपटात तो बँड आला नाही. परिणाम काय? क्रीडन्स तिथे होता हेच कित्येकांना माहीत नाही. त्यांचा तो पूर्ण कार्यक्रम अधिकृत अल्बम म्हणून यायला २०१९ उजाडलं, म्हणजे पन्नास वर्षं! जॅनिस जॉप्लिनसुद्धा १९७० च्या आवृत्तीत नव्हती, ती १९९४ च्या वाढीव आवृत्तीत आली. उलट हेंड्रिक्सचं बघा. तो वाजवायला आला सोमवारी सकाळी, तोवर बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. मैदानात त्याला ऐकलं थोड्यांनी. नंतर पडद्यावर पाहिलं जगाने. तेव्हा लक्षात ठेवा, कॉन्सर्ट एका रात्रीत संपते, आणि पुढे टिकतं ते संकलनाच्या टेबलावरून सुटून आलेलं.

आता त्या टेबलाकडेच जाऊ. डिसेंबर १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सची ऑल्टामाँटला मोफत कॉन्सर्ट झाली. सुरक्षेचं काम हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीकडे होतं. स्टेजसमोरच मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण भोसकला गेला आणि मरण पावला. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या 'गिमे शेल्टर' या फिल्ममध्ये ते चित्रित झालंय. त्यात एक विलक्षण प्रसंग आहे. मिक जॅगर संकलनाच्या मशीनसमोर बसलाय. ज्या रात्री तो स्वतः स्टेजवर गात होता, त्याच रात्रीची फिल्म बघतोय. ती मागे नेली जाते, सावकाश चालवली जाते, आणि मग हंटरच्या हातातलं पिस्तूल आणि मारणाऱ्याच्या हातातला सुरा दिसतो. स्टेजवरून त्याला जे कळलं नव्हतं, ते त्या छोट्या पडद्यावर कळतं. पुढे हेच चित्रण कोर्टात पुरावा म्हणूनही दाखवलं गेलं.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७० साली मागे नेऊन बघायची ताकद फक्त संकलकाकडे, वकिलाकडे आणि मिक जॅगरकडे होती. पंधरा वर्षांत ती तुमच्या-आमच्या घरात आली. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस बाजारात आलं. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमाराला रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर घरोघर नाही, तरी गल्लोगल्ली आला. कुणाच्या तरी आखातातल्या मामाने आणलेला, किंवा व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीच्या भाड्याने.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अमेरिकेतून आलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपला टीव्ही पॅल पद्धतीचा. मग चित्र कृष्णधवल दिसायचं, नाहीतर खालून वर पळत राहायचं. जे हाती लागायचं ते बहुतेकदा कॉपीची कॉपी, त्यामुळे लाल रंग पसरलेला आणि चेहरे धुरकट. टीव्हीच्या स्पीकरमधून बास ऐकूच यायचा नाही. मग व्हीसीआरची ऑडिओ वायर काढून टेपडेकला जोडायची, दारं-खिडक्या लावायच्या आणि आजी झोपली का ते बघून यायचं. तेव्हा आपल्याकडे या बँडचे दौरे येत नव्हते. डीप पर्पल मुंबईत आले १९९५ साली, रोलिंग स्टोन्स २००३ साली. तोवर आपल्यासाठी एकमेव सभागृह होतं ते म्हणजे हा बंद खोलीतला टीव्ही.

नेमक्या त्याच काळात मेटल बँडनी घरच्या प्रेक्षकासाठी खास फिल्म बनवायला सुरुवात केली. आयर्न मेडनची 'लाइव्ह आफ्टर डेथ' मार्च १९८५ मध्ये लाँग बीच इथे चित्रित झाली आणि त्याच वर्षी व्हीएचएसवर आली. इजिप्तच्या देवळासारखं स्टेज, ममीच्या रूपातला एडी. १९८८ च्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमांवर आधारलेली 'मेडन इंग्लंड' तर त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस याने स्वतः दिग्दर्शित आणि संकलित केली. चाहत्याला जसं दिसावं तसं आपणच दाखवू, हा त्याचा आग्रह. म्हणजे वादकच संकलकाच्या खुर्चीत जाऊन बसला.

आणि घरचा प्रेक्षक काय करत होता? तो मागे नेऊन बघत होता. सोलोमध्ये डावा हात नेमक्या कुठल्या पडद्यावर जातो, हे बघून कित्येक पोरं गिटार शिकली. शिकवणीला पैसे नव्हते, नोटेशन मिळत नव्हतं. गुरू म्हणजे रिवाइंडचं बटण. टेप तेवढ्याच जागी झिजून पांढऱ्या रेषा यायच्या. अशी कॅसेट हातात आली की आधीच्या माणसाचा आवडता सोलो कुठला, ते आपोआप कळायचं.

याच बटणाने आणखी एक काम केलं. फिल्म म्हणजे 'ती रात्र' हा भ्रम मोडला. लेड झेपेलिनची 'द साँग रिमेन्स द सेम' घ्या. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तीन रात्री चित्रण झालं, पण मध्ये मध्ये भाग राहून गेले. मग पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत स्टेज उभारून ते पुन्हा चित्रित केले. तोवर जॉन पॉल जोन्सने केस कापले होते, म्हणून त्याने टोप घातला. थिएटरात १९७६ साली हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? घरी चौथ्यांदा बघणाऱ्याच्या मात्र येतंच. पिंक फ्लॉइडची पाँपेईची फिल्म बघा. एड्रियन मेबनने १९७१ साली ती प्राचीन रोमन रंगमंडळात, एकही प्रेक्षक न ठेवता चित्रित केली, आणि त्यातली काही गाणी तर पाँपेईत नाही, पॅरिसच्या स्टुडिओत झाली. मग ही फसवणूक म्हणायची का? मला वाटतं, नाही. ही दुसरी मैफल आहे, कॅमेऱ्यासमोर आणि संकलनात घडवलेली. पाँपेईच्या पायऱ्या रिकाम्या आहेत, कारण तिथे बसायचा मान आपला आहे. फक्त ती दुसरी आहे, हे माहीत असावं.

इथे मला आपल्या संगीत नाटकाची आठवण होते. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' पडायचा आणि ते पद पुन्हा म्हणायचे. पण पुन्हा म्हणताना हरकत वेगळी, जागा वेगळी. रिमोट म्हणजे घरातला वन्स मोअर. मात्र टेपमधला गायक दर वेळी तेच गातो. बदलतो तो ऐकणारा. पंधराव्या वर्षी गिटारवाल्याकडे बघणारा पस्तिसाव्या वर्षी ड्रमरकडे बघायला लागतो, आणि पन्नाशीत त्याचं लक्ष गर्दीतल्या चेहऱ्यांकडे जातं.

आता एका साध्यासुध्या फिल्मबद्दल सांगतो. मेटॅलिकाचा बेसिस्ट क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. वय फक्त २४. दुसऱ्या वर्षी बँडने त्याच्या आठवणीत 'क्लिफ एम ऑल' ही व्हिडिओ कॅसेट काढली. त्यात काय आहे? बरंचसं चाहत्यांनी गर्दीतून, चोरून केलेलं चित्रण. कॅमेरा हलतोय, आवाज फाटलाय, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं येतंय. उत्तम कॅमेऱ्यांची वाट बघत बसले असते, तर क्लिफ बर्टन वाजवताना जगाला फारसा दिसलाच नसता. ज्या पोरांना गेटवर बहुधा हाकलून दिलं असतं, त्यांनीच त्याला वाचवून ठेवलं.

दुसरं टोक बघा. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनच्या जागतिक दौऱ्याची पहिली कॉन्सर्ट मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, त्यांचं बोइंग ७५७ तोच चालवायचा. या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी 'फ्लाइट ६६६' ही फिल्म केली, ती २००९ साली आली. कॉन्सर्टच्या डिस्कवर दर गाणं वेगळ्या शहरातलं आहे, आणि पहिलंच मुंबईतलं. वीस वर्षं बंद खोलीत परक्या देशातली गर्दी बघणाऱ्यांनी त्या दिवशी घरच्या पडद्यावर आपली गर्दी पाहिली. आता ब्राझीलमधला एखादा मुलगा घरात बसून मुंबईचं पब्लिक बघत होता.

आता ती जबाबदारी. मुंबईत १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव अनेक वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात व्हायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. त्या रात्रींना कुणी पेनबेकर मिळाला नाही, कुणी वॉडली मिळाला नाही. पुण्या-मुंबईच्या कॉलेज महोत्सवांचंही तेच. पण कुणाच्या तरी काकाचा हँडिकॅम तिथे होता. ती कॅसेट आज कुठेतरी माळ्यावर, बॅगेत, जुन्या पंख्याशेजारी पडलीय. चुंबकीय टेप कायम टिकत नाही. आपल्या पावसाळी हवेत तिला बुरशी धरते, आणि ती चालवायला लागणारा व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूसही आता शोधावा लागतो.

तेव्हा एक विनंती. घरी गेल्यावर कॉन्सर्ट-फिल्म जरूर लावा, शेजाऱ्यांना सोसेल इतक्या आवाजात. बघताना स्वतःला विचारा, कॅमेरा कुठे ठेवलाय आणि यात कोण दिसत नाही. आणि मग शिडी लावून माळा एकदा बघा. हललेलं, फाटक्या आवाजाचं काही सापडलं, तर टाकू नका. बुरशी दिसली तर ती तशीच मशीनमध्येही घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या आणि डिजिटल कॉपी काढून घ्या. क्रीडन्सला पन्नास वर्षं थांबावं लागलं, पण त्यांच्या टेप कुणीतरी नीट ठेवल्या होत्या. आपल्या टेप आपल्यालाच ठेवाव्या लागतील.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.