सडकेवरची गावं

परवा बऱ्याच वर्षांनी नागपूरहून साकोलीला आत्याकडे निघालो होतो. गप्पांच्या नादात लाखनी निघूनच गेली! गाडी उड्डाणपुलावर चढली, उतरली, आणि गाव खाली राहिलं. पूर्वी लाखनी चुकवणं शक्यच नव्हतं. एस.टी. थांबायची, मंडळी चहाला उतरायची.

आमच्याकडे या रस्त्याला 'सडक' म्हणतात. नुसतं सडक. नागपूर-रायपूरची जुनी वाट ती हीच. इंग्रजांच्या कागदांत 'ग्रेट ईस्टर्न रोड'. तिकडे राजनांदगाव, दुर्ग, रायपूरच्या पत्त्यांमध्ये अजून 'जी.ई. रोड' लिहितात. आपल्या बाजूला मात्र ते नाव कुणाच्या तोंडी नाही. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, हजिरा ते कोलकाता. 2010 साली नंबर बदलून 53 झाला. बाबा शेवटपर्यंत 'सहा नंबर'च म्हणत राहिले.

1880 च्या दशकात रेल्वे आली ती वरठी, तुमसर, गोंदियाकडून. भंडारा गावाला स्टेशन मिळालं ते वरठीत, म्हणून त्याचं नाव भंडारा रोड. लाखनी-साकोलीकडच्या माणसाला नागपूरला जायचं तर सडकच. म्हणून गावांच्या नावातच ती शिरली. मुंडीपार सडक, पिंपळगाव सडक. सडक अर्जुनी तर तालुकाच आहे (1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्यात, नंतर गोंदियात). एकाच नावाची दोन गावं असली की सडकेवरचं कुठलं ते सांगायला हा शब्द.

खुणा मात्र भराभर गेल्या. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड, बुंध्याला पांढरा-तांबडा पट्टा मारलेल्या चिंचा. चौपदरीकरणात बहुतेक झाडं पडली. कारध्याचा इंग्रजांच्या वेळचा लहान पूल तेवढा आठवणीत पक्का. वैनगंगेला पूर आला की तो पाण्याखाली जायचा, आणि पूल बुडाला की आजी म्हणायची, "आता कोठी जाऊ नोको बाबू". ऑगस्ट 2020 च्या पुरात तर भंडारा शहरातच पाणी शिरलं.

हळहळताना एक गोष्ट मी सोयीस्कर विसरतो. बाबांचे एक मित्र याच दोनपदरी सडकेवर गेले. रात्री समोरून ट्रक आला, चुकवताना स्कूटर चिंचेवर आदळली. त्या झाडाचा पांढरा पट्टा दिसला की बाबा एस.टी.त बोलायचे थांबायचे. आज ते झाड नाही. ते नेमकं कुठे होतं हे शोधत मी दोनदा काच खाली केली, पण दुभाजक आणि लोखंडी कठडे सगळीकडे सारखेच. बाबा असते तर त्यांना ती जागा सापडली असती का, कोण जाणे.

असो. लाखनी गेल्याचं कळलं तेव्हा पुढून गाडी वळवली आणि उड्डाणपुलाखालून गावात शिरलो. चहा घेतला. साकोलीला पोचलो तर आत्या दारातच उभी.

"एवढा उशीर?"

"लाखनी चुकली होती, परत फिरलो."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "लाखनी? सडकेवरची लाखनी चुकली?"