लिबरेटरचे कानपुरी कूळ

महायुद्धकालीन बॉम्बफेकी विमानांचा जीर्णोद्धार करून ती प्रेक्षकांस आतून हिंडून पाहू देण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजली आहे. अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनच्या बी-२४ लिबरेटर विमानाच्या पोटात शिरून, बॉम्बकक्षातील वीतभर रुंदीच्या फळीवरून अंग चोरीत पुढे सरकणाऱ्या प्रेक्षकास आपण सर्वस्वी अमेरिकन वस्तूच्या अंतरंगात आहोत असे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु हे विमान आज अस्तित्वात आहे ते हिंदुस्थानामुळे.

त्याचे पूर्वचरित्र थोडक्यात असे : अठरा हजारांहून अधिक भावंडांपैकी हे एक, १९४४ साली टेक्सासात बांधले गेले आणि ब्रिटिश हवाई दलाच्या स्वाधीन झाले. खरी कुळकथा सुरू होते ती युद्धसमाप्तीनंतर, कानपूरच्या तळावर. अमेरिकेने ‘उसनवार-भाडेपट्टा’ करारान्वये दिलेली विमाने एकतर परत करावयाची किंवा निकामी करावयाची असल्यामुळे, ब्रिटिशांनी तेथील लिबरेटरांची मोडतोड करून ती बेवारशी टाकून दिली. स्वतंत्र भारताजवळ जड बॉम्बफेकी विमाने नव्हती. म्हणून हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगलोरच्या विमान-कारखान्याच्या कारागिरांनी हे सांगाडे कानपुरातच उडण्याजोगे केले, कसोटी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगलोरला उडवीत नेले, आणि तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावरच भारतीय हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले.

हे साधले कसे, याविषयी एक मत असे की, मोडणाऱ्यांनीच कामचुकारपणा केला. मला हे मत मान्य नाही. मोडणाऱ्याच्या हयगयीने फार तर सुटे भाग शाबूत राहतील. चार इंजिनांचे विमान पुन्हा आकाशात चढावयाचे तर जाणते हात लागतात. ते हात बंगलोरात तयार झाले होते, असे माझे ठाम प्रतिपादन आहे. कारण सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने काढलेला हा कारखाना युद्धाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीत गुंतलेला होता. ज्या विद्येचा अमेरिकेने आपल्या गरजेपोटी येथे अभ्यास करविला, तीच विद्या अमेरिकन विमानाच्या पुनर्जन्मास कारण झाली, आणि या दुव्यापुढे मला हयगयीचा सिद्धान्त फिका वाटतो.

पुढे पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रननेही लिबरेटर समुद्रावरील टेहळणीसाठी वापरले. १९६८ साली ती विमाने सेवानिवृत्त झाली, तोवर इतर देशांनी आपापल्या लिबरेटरांची बहुतेक भंगारात वासलात लावली होती. म्हणूनच ब्रिटन व कॅनडा येथील संग्रहालयांस ही विमाने भारताकडून मिळाली. कॉलिंग्जचे विमान १९८० च्या दशकात इंग्लंडमार्गे अमेरिकेस पोहोचले व १९८९ साली पुन्हा उडाले. तो त्याचा दुसरा जीर्णोद्धार होय, पहिल्याचा मान बंगलोरचा.

यांपैकी एक लिबरेटर दिल्लीस पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. दिल्लीस जाणाऱ्या वाचकांनी तो अवश्य पाहावा, आणि सोबत मुले असतील तर त्यांना वालचंदांच्या कारखान्याची हकीकतही सांगावी.