बोलपटाचे आगमन आणि श्वान-प्रशिक्षणाची बदलती पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, नट व निर्मितीसंस्था यांची दखल विस्ताराने घेतली जाते. परंतु चौकटीबाहेर उभे राहून प्राण्याकडून काम करवून घेणारा प्रशिक्षक बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत निबंधात इ.स. १९०५ ते १९४३ या काळातील ब्रिटिश व अमेरिकन चित्रपटांच्या आधारे श्वान-प्रशिक्षणातील स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

मूकपटांचा काळ :
सेसिल हेपवर्थ यांच्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ (१९०५) या लघुपटात त्यांच्याच घरचा ‘ब्लेअर’ हा कुत्रा पळवून नेलेल्या बालकाचा शोध लावतो. या चित्रपटाला इतकी मागणी आली की मूळ निगेटिव्ह झिजून तो आणखी दोन वेळा चित्रित करावा लागला. तीच कृती हुकमी पुन्हा करणे ही श्वानाकडूनची व्यावसायिक अपेक्षा येथेच दिसू लागते. पुढे लॅरी ट्रिम्बल यांच्या तालमीतील ‘स्ट्राँगहार्ट’ आणि ली डंकन यांना १९१८ मध्ये फ्रान्सच्या युद्धभूमीवर सापडलेला ‘रिन टिन टिन’ यांनी लोकप्रियता मिळविली. या काळात ध्वनिमुद्रण नसल्याने चित्रण चालू असतानाही प्रशिक्षकास तोंडी आज्ञा देता येत असे.

ध्वनीमुळे झालेला बदल :
‘द जाझ सिंगर’ (१९२७) नंतर ही सोय संपुष्टात आली. चित्रण चालू असताना दिलेली हाक आता संवादाबरोबर मुद्रित होऊ लागली. कार्ल स्पिट्झ यांनी यावर हातांच्या मूक खुणांचा उपाय योजला. त्यांच्या ‘टेरी’ या कुत्रीने ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मध्ये टोटोची भूमिका केली. अशा शिक्षणाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो : प्रथम शब्द व खूण एकत्र दिली जाते, योग्य कृतीस खाऊ मिळतो, हळूहळू शब्द गाळला जातो आणि अखेरीस प्रशिक्षक व श्वान यांतील अंतर वाढविले जाते. रड वेदरवॅक्स यांचा ‘पाल’ हा नर असूनही ‘लॅसी कम होम’ (१९४३) मध्ये लॅसी या मादीच्या भूमिकेत वावरला.

चित्रफीत : एक अपुरे साधन :
पडद्यावर श्वान नायकाकडे प्रेमाने पाहत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याची नजर अनेकदा चौकटीबाहेरील प्रशिक्षकावर अथवा त्याच्या हातातील खाऊवर असते. उरलेला अर्थ संकलन निर्माण करते. येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे गंभीर प्रश्न उभा राहतो. खाऊने शिकविलेली आज्ञाधारकता आणि भयाने लादलेली आज्ञाधारकता पडद्यावर सारखीच दिसू शकते. प्राण्यास साक्ष देता येत नाही व चित्रफीतही ती पूर्णपणे देत नाही.

म्हणूनच बाह्य देखरेखीचे महत्त्व वाढते. ‘जेसी जेम्स’ (१९३९) च्या चित्रणात घोडा मृत्युमुखी पडल्यानंतर १९४० पासून ‘अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन’ने चित्रीकरणस्थळी निरीक्षण सुरू केले. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधील पाचव्या प्रकरणाने खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद केली आणि २००१ च्या नियमांनी चित्रपटांत प्राणी वापरण्यासाठी पूर्वसूचनेचे बंधन घातले.

निष्कर्ष :
१. श्वान-प्रशिक्षणातील मूक खुणांच्या प्रसारास ध्वनिमुद्रणाची तांत्रिक गरज कारणीभूत ठरली. तिचा उगम प्राणिदयेत नव्हता.
२. प्रशिक्षक जितका निष्णात, तितके त्याचे श्रम अदृश्य होतात. त्यामुळे श्रेय श्वानाच्या ‘स्वभावा’स मिळते.
३. प्राण्याला मिळालेल्या वागणुकीचा इतिहास केवळ चित्रपट पाहून लिहिता येणार नाही. त्यासाठी चौकटीबाहेरील नोंदी जपणे व तपासणे अगत्याचे आहे.