मांडीवरची धग

मांडीवर ठेवून वापरता यावा म्हणून ज्याला लॅपटॉप हे नाव पडले, त्या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत चिवट अडचण त्या मांडीला लागणाऱ्या धगीचीच राहिली आहे. संगणकाला पुरवलेली जवळपास सगळी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ही उष्णता नाहीशी करता येत नसल्यामुळे तिला वाट काढून देणे एवढेच यंत्र घडवणाऱ्यांच्या हाती उरते.

१९८२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ग्रिड कंपास या संगणकाची घडण बिल मॉगरिज यांनी शिंपल्यासारखी मिटणारी केली होती. त्याच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या कवचातूनच उष्णता बाहेर जाई, आणि बाकीची भिस्त अभिसरणावर, म्हणजे तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढण्यावर होती. हा संगणक १९८३ मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात गेला तेव्हा त्यात मुद्दाम पंखा बसवावा लागला, कारण भारहीन अवस्थेत गरम हवा वर चढतच नाही.

पुढील काळात सर्वांत उपयोगी ठरलेली उष्णतानलिका मात्र लॅपटॉपसाठी जन्मलेलीच नव्हती. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये तिचे पेटंट मिळाले, पण ती कल्पना तशीच पडून राहिली; १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि अवकाशयानांत तिचा वापर सुरू झाला. लॅपटॉपमधील ही नलिका म्हणजे हवा काढून दोन्ही टोके बंद केलेली, आत किंचित पाणी असलेली तांब्याची चपटी नळी होय. दाब अत्यल्प असल्याने प्रोसेसरजवळच्या टोकाला पाण्याची लगेच वाफ होते, ती पंख्याजवळच्या थंड टोकाला जाऊन निवते, आणि समईची वात जसे तेल ओढते तसे नळीच्या आतले सच्छिद्र अस्तर ते पाणी माघारी ओढून आणते. १९९३ च्या पेंटियमनंतर प्रोसेसर झपाट्याने तापू लागले आणि त्या दशकात ही नलिका लॅपटॉपमध्ये रुळली.

तथापि नलिका आणि पंखा यांनी उष्णतेची केवळ जागा बदलली. पंख्यासमोरच्या बारीक पात्यांत धूळ साचली किंवा गादीमुळे तळाची भोके झाकली गेली, की धग पुन्हा मांडीशी येते. तासन्‌तास लॅपटॉप मांडीवर घेतल्याने उमटणाऱ्या जाळीदार डागांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे, आणि काश्मिरात निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांच्या त्वचेवर तसेच डाग डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिले आहेत.

खरी सुधारणा झाली ती उष्णता मुळातच कमी निर्माण करण्यातून. २००० मध्ये इंटेलने काम हलके असताना प्रोसेसरची गती आणि विद्युतदाब उतरवण्याची सोय लॅपटॉपमध्ये आणली, तर २०२० मध्ये ॲपलच्या एम-१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय विक्रीस आला, जो जड काम लांबले की स्वतःची गती आवरतो. ॲपलसारखे उत्पादक मात्र आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच योग्य मानतात, आणि चंद्रपूर, नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो.