रात्रपाळी आणि बहादूर

राजूर कॉलरीत रात्रपाळी करून आलेली माणसं आम्हा पोरांच्या हातातलं इंद्रजाल कॉमिक्स ओढून घेत. १९६४ साली ते निघालं, तेव्हा नायक होता दूरच्या जंगलातला वेताळ. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. डाकूचा मुलगा, बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवलेला! सूड घ्यायचा की कायदा पाळायचा? हा पेच पोरांचा नव्हताच. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशजींपुढे शस्त्रं ठेवली, ते मोठ्यांना आठवत होतं. अर्नाळकरांच्या रहस्यकथाही फिरत; पण ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना चित्रातला डाकू वाचता येई. बहादूरचा निर्माता ‘आबिद’ आहे, हे मला फार उशिरा कळलं. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. माझा गठ्ठा त्याआधीच रद्दीत गेला होता.