चित्रपटातील बालगंधर्व : 'धर्मात्मा'च्या निमित्ताने एक विचार

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या जीवनकार्याविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. मात्र त्यांच्या चित्रपटातील कारकिर्दीला त्यात बहुधा एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही. चित्रपट त्यांना मानवला नाही, एवढे सांगून विषय संपविला जातो. तो का मानवला नाही, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. वय उलटले होते, देह स्थूल झाला होता, ही त्याची नेहमीची उत्तरे होत. ती खोटी नाहीत. परंतु अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश केला आणि शकुंतलेच्या भूमिकेने ते पुढे आले. १९११ मध्ये खाडिलकरांच्या 'मानापमान'मधील भामिनी त्यांनी रंगविली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी (१९१६) व गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील सिंधू (१९१९) या भूमिकांनी त्यांची कीर्ती शिखरास पोहोचली. त्यांच्या शालूची, दागिन्यांची व केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. एका पुरुषाने स्त्रियांना स्त्रीत्वाचा नमुना घालून द्यावा, ही घटना सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ कौतुक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

हे सारे प्रेक्षकांच्या संमतीवर उभे होते. रंगमंचावर पुरुष उभा आहे हे नाट्यगृहातील प्रत्येकास ठाऊक असे, आणि तरीही त्या रात्रीपुरते तो रुक्मिणी आहे हे सारे मान्य करीत. रंगमंच व प्रेक्षक यांतील अंतर, भरजरी वस्त्रे आणि मुख्य म्हणजे गायन यांच्या आधारे हा करार टिकत असे. 'वन्स मोअर' आला की पद पुन्हा होई, कथानक थांबे, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. या दुसऱ्या चित्रपटात तारामतीची भूमिका दुर्गा खोटे या सुशिक्षित स्त्रीने केली होती. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकातही स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. म्हणजे ज्या करारावर बालगंधर्वांची कला उभी होती, तो एकाच वेळी पडद्यावर आणि रंगमंचावर मोडीत निघत होता. शिवाय बोलपटांमुळे नाटकाचे उत्पन्न घटले आणि आधीच कर्जात असलेली मंडळी अधिकच अडचणीत आली. अशा स्थितीत ते प्रभातकडे गेले.

व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा' १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. आधीचे 'महात्मा' हे नाव गांधीजींच्या संदर्भामुळे सेन्सॉरच्या आक्षेपावरून बदलावे लागले. संत एकनाथ व अस्पृश्यता हा विषय त्या काळात विलक्षण जिवंत होता. बालगंधर्व प्रथमच पडद्यावर आले ते पुरुषभूमिकेत. करार अधिक चित्रपटांचा होता, निघाला एकच.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, प्रभातनेच दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' काढला. तुकारामाच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस हेही गायक नट, तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले. संस्था तीच, संतचरित्र तेच, पूर्वायुष्यही त्याच धर्तीचे. परंतु 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला व १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. केवळ वय व स्त्रीभूमिकांची सवय हीच अपयशाची कारणे असती, तर चव्वेचाळिशीच्या आसपासचे पागनीसही अपयशी ठरावयास हवे होते.

फरक कीर्तीचा होता, असे म्हणावेसे वाटते. पागनीसांना प्रेक्षक तुकाराम म्हणून पाहू शकले, कारण त्यांच्या स्त्रीभूमिकांची आठवण तितकी घट्ट नव्हती. बालगंधर्वांकडे पाहताना मात्र एकनाथामागे रुक्मिणी व सिंधू उभ्या राहत. पागनीसांचे गाणे भजनासारखे दृश्यात विरून जाते. बालगंधर्वांचे पद दृश्य थांबवून स्वतः उभे राहण्यास सरावलेले होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की त्यांच्या ध्वनिमुद्रिका तर तीन-साडेतीन मिनिटांच्याच होत्या, तेथेही प्रेक्षक नव्हता, आणि तरी त्या घरोघर वाजल्या. आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून उलट असे दिसते की अडचण गायनाची नव्हती, पाहण्याची होती. तबकडीवर ऐकणारा आपल्या मनातील रुक्मिणी पाहू शकत होता. कॅमेऱ्याने ती मुभा ठेवली नाही. वर्गात 'स्वयंवर'मधील पद ऐकविले असता, बालगंधर्व हे नावही न ऐकलेले विद्यार्थी स्तब्ध होतात, हा अनुभव प्रस्तुत लेखकाने अनेकदा घेतला आहे. छायाचित्र दाखविताच मात्र काहीजण हसतात.

१९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त त्यांनी पडद्यावर स्त्रीभूमिका केली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. दूरवरच्या प्रेक्षकासाठी घडविलेले रूप भिंगाजवळ नेण्याचा हा प्रयत्नही साधला नाही. ते रंगभूमीवर परतले, परंतु ती पूर्वीची राहिली नव्हती. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या, आणि ज्या नायिका बालगंधर्वांनी घडविल्या होत्या त्या त्यांच्याच मंडळीत एक स्त्री रंगवू लागली.