इथरनेट बॅकहॉल
इथरनेट बॅकहॉल म्हणजे घरगुती मेश वाय-फाय संचातील मुख्य राउटर आणि त्याचे नोड यांना रेडिओलहरींऐवजी इथरनेट केबलने जोडणारा दुवा होय. त्यामुळे वाय-फायची क्षमता मोबाइल, संगणक आदी उपकरणांसाठी मोकळी राहते.

दोष व निदान

केबल जोडूनही नोड बिनतारी दुव्यावरच राहतो, ही नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण अनेकदा जोडणीच्या क्रमात सापडते. मोडेम, मग मुख्य राउटर आणि त्याच्या लॅन पोर्टपासून पुढे स्विच व नोड, असा क्रम लागतो. स्विच मोडेम आणि मुख्य राउटर यांच्यामध्ये बसवल्यास नोड घरातील जाळ्याबाहेर पडतात.

वेग १०० मेगाबिट प्रति सेकंदाच्या आतच अडकत असेल, तर संशय केबलवर घ्यावा. १०० मेगाबिटच्या जोडणीला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली तरी इंटरनेट बंद पडत नाही, केवळ संथ होते. असा दोष महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. नोड राउटरशेजारी आणून खात्रीच्या आखूड केबलने जोडल्यावर वेग वाढला, तर दोष भिंतीतील केबलचा किंवा तिच्या टोकांचा ठरतो. तांब्याच्या केबलची कमाल लांबी १०० मीटर मानली जाते. घरात ती क्वचितच ओलांडली जाते.

दोन उपकरणांमध्ये दोन केबल लागल्यास चक्र तयार होते आणि ब्रॉडकास्ट संदेशांच्या पुराने सारे जाळे ठप्प होते. हे टाळणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तयार केला. स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो. तेथे जादा केबल काढणे एवढाच उपाय उरतो.